दोन खाली, एक वर

४ जून

प्रिय मावशी,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून खुर्चीतूनच करते.

एक दिवसाआड फोन करणाऱ्या भाचीला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. हुक्की माझी नाही, आमच्या बाईंची आहे. बाई म्हणजे हा अभ्यासक्रम चालवतात त्या. मेंदूच्या संशोधनात नव्याने पडलेल्या आम्हा बारा जणांना त्यांनी एका छपराखाली कोंडलंय. कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी गणिती, आणि मी, जिने पाच वर्षं माशांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मोजण्यापलीकडे काही केलेलं नाही. बाईंचं म्हणणं असं की मेंदू एकच आहे, पण जो तो आपापला तुकडा धरून बसलाय आणि दुसऱ्याच्या तुकड्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून वर्षभर प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचं. गेल्या आठवड्यात मी वायरी जोडायला शिकले आणि टेबलाला भोक पाडलं. इंजिनिअरच्या हातात मेंढीचा मेंदू दिला, तर तो आधी सावकाश खाली बसला आणि मग आडवा झाला. गणितीला पेशंटशी बोलायला बसवलं. पंधरा मिनिटांनी पेशंटच त्याची विचारपूस करत होता.

तर पत्राचा नियम असा. दर थोड्या दिवसांनी घरच्या एका माणसाला, ज्याचा या धंद्याशी काही संबंध नाही, हाताने पत्र लिहून आपलं काम समजावायचं. त्याने ते आपल्या शब्दांत परत लिहून पाठवायचं. माझ्या पत्राची नक्कल आणि त्याचं उत्तर, दोन्ही फायलीत लागतात, बाई ती वाचतात आणि गुण देतात. फोन चालत नाही, कारण फोनवर माणूस नुसतं हो हो म्हणतं. आईला घेतलं असतं, पण तिने अर्ध्या पत्रानंतर ‘जेवलीस का’ एवढंच लिहून पाठवलं असतं. म्हणून तू.

आजचा धडा छोटा आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेने बोलतात. डोक्यावर वायरींची टोपी घातली की त्या बोलण्याची लाट कागदावर उमटते. कवटी मध्ये असल्यामुळे ती फार क्षीण असते. आता हे तुझ्या शब्दांत लिही.

डिसेंबरअखेरीस बारातले सहाच पुढे ठेवणार आहेत. माझं छान चाललंय, काळजी करू नकोस.

तुझी ठकू

१५ जून

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. फायलीत लागणार म्हणून दुकानातलं बिलाचं पेन बाजूला ठेवून चांगलं पेन घेतलंय. बाईंना नमस्कार सांग. म्हणजे सांगायची गरज नाही, त्या इथेच वाचतील.

तुझा धडा मला असा समजला. टोपी लावून मेंदू ऐकणं म्हणजे रस्त्यावर उभं राहून बंद दारामागचं लग्नघर ऐकणं. आत गलका आहे हे कळतं, जेवायला बसले की गलका वाढला हेही कळतं, पण कोण कोणाला काय म्हणालं ते कळत नाही. चुकलं असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठव.

एक शंका आहे. चाळीस वर्षं रफू करतेय, माझ्याकडे येणारा कोट चार हातांतून येतो. शिंप्याने शिवलेला, रंगाऱ्याने रंगवलेला, लॉण्ड्रीवाल्याने धुतलेला, आणि मग कसरीने खाल्लेला. भोक दिसलं की चौघंही म्हणतात, आमच्याकडून गेला तेव्हा धड होता. कसर तर काही बोलतच नाही. गिऱ्हाईक भांडायला माझ्याकडे येतं, कारण शेवटी कोट माझ्या हातात असतो. तुम्ही बारा जण एकमेकांचं काम करणार, तर चुकल्यावर भांडायचं कोणाशी, हे बाईंनी ठरवलंय का?

शेजारच्या झेरॉक्सवालीला मी तुझ्या कामाबद्दल सांगितलं. तेव्हापासून तिचं डोकं दुखायला लागलंय. तू बघशील का, असं विचारते. मी सांगितलं, माझी भाची फक्त माशांचं बघते.

तुझं छान चाललंय असं लिहिलंस. छान चाललं असलं की तू चार पानं बढाया मारतेस, एका ओळीत आटपत नाहीस. असो.

मावशी

२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

लग्नघराला बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण झेरॉक्सवालीने घालवला.

आता खरं काम सुरू झालंय. आमचा चौघांचा गट पडलाय: डॉक्टर, इंजिनिअर, गणिती आणि मी. विषय असा घेतलाय की ज्या माणसाचा हात वर्षानुवर्षं एकच बारीक काम करतो, त्याचा मेंदू ते करताना काय करतो. त्यासाठी आम्हाला असा एक हात पाहिजे. डॉक्टर एका सर्जनला विचारून आला, त्याला वेळ नाही. गणितीने एका सतारवादकाचं नाव काढलं, पण तो मान हलवल्याशिवाय वाजवत नाही. मग मी तुझं नाव सांगितलं आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी इतके दिवस तुला लपवून ठेवलं होतं.

येशील ना? तिकीट संस्था पाठवेल. एकच अट, डोक्याला आठ दिवस तेल लावू नकोस. आणि टोपी घातली की बोलायचं नाही, मान हलवायची नाही. तुला जमेल का, अशी शंका आईने काढली, मी नाही.

ठकू

३० ऑगस्ट

चि. ठकू,

सुखरूप पोचले. टोपीखाली वायरी चिकटवायला लावलेला तुमचा तो चिकट गोळा केसांतून अजून निघतोय. तीनदा न्हाले. काका म्हणतात, मेंदू धुतला की डोकं?

फायलीसाठी लिहिते. खोली छोटी, पडदे लावलेले, खुर्ची दाताच्या डॉक्टरकडची असते तशी. इंजिनिअरने टोपी घातली आणि चौसष्ट वायरी एकेक करून तपासल्या. पोरगा कामाचा आहे, पण नखं खातो. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली आणि गुडघ्यावर हातोडी. गणिती कोपऱ्यात उभा राहून माझ्या सुईकडे असा बघत होता की मलाच घाम फुटला. मग तू मला टवीलचं लोकरी कापड दिलंस, मधोमध रुपयाएवढं भोक पाडलेलं. धडधाकट कापडाला मुद्दाम भोक पाडलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. सव्वा तास न बोलता, न हलता बसले आणि ते बुजवलं. डॉक्टरने कापड उजेडात धरून भोक कुठे होतं ते शोधलं, आणि चुकीची जागा दाखवली. तेवढ्याने मला सगळं पावलं.

आता फायलीसाठी नसलेलं. ते वेगळ्या कागदावर लिहिते, हा कागद काढून ठेव.

तू बटाटे आणायला खाली गेलीस तेव्हा गणितीने मला सांगितलं की आतापर्यंतच्या चाचण्यांत तू बारा जणांत अकरावी आहेस. चहाडी म्हणून नाही, त्याला आकडे सांगायची सवयच आहे. तू मला का नाही सांगितलंस? तुझी आई रागावेल म्हणून मला वगळायचं कारण नव्हतं. मी काय म्हणाले असते? म्हणाले असते, बारावा कोण आहे, त्याला जेवायला बोलाव.

पण खरं सांगते, गाडीत बसल्यावर वाटभर एकच घोकत आले. हे काम तुझ्या हातून जाऊ नये.

मावशी

२० सप्टेंबर

मावशी,

सापडलं!

बूड टेकवून वाच. तू रफू करत होतीस त्या सव्वा तासाचा सगळा कागद आम्ही तपासला. तुझ्या कानशिलांच्या वरच्या वायरींत एक लाट आहे. दोन ठोके लहान, एक मोठा, मग पुन्हा दोन लहान, एक मोठा. घड्याळासारखी. सुई चालू असली की चालू, तू सुई ओवायला थांबलीस की बंद. आम्हा चौघांनी रिकाम्या हाताने बसून बघितलं, कोणाच्याही डोक्यात ती नाही. माझ्या माशांतही नाही.

गणितीने त्यावर एक सूत्र मांडलंय, तीन ओळींचं, आणि तो आता कोणाशी बोलताना हसतो. इंजिनिअर म्हणतो, वायरीचा दोष असता तर सुईबरोबर थांबला नसता. डॉक्टर म्हणतो, आजार म्हणावा तर तुझा गुडघा त्याच्यापेक्षा चांगला उडतो. आम्ही तिला मावशी-लय म्हणतो. शोधनिबंधात असं नाव चालत नाही, पण खोलीत चालतं.

१० डिसेंबरला बाहेरच्या जाणकारांपुढे मांडायचं आहे. त्यावर बरंच काही ठरणार. बाईंनी कागद बघितला आणि ‘हं’ म्हणाल्या. आत्तापर्यंत मला त्यांनी ‘हं’ सुद्धा म्हटलं नव्हतं. मावशी, मी राहीन असं पहिल्यांदाच वाटतंय. आता हे तुझ्या शब्दांत लिही, आणि या वेळी चार पानं लिही.

ठकू

१ ऑक्टोबर

चि. ठकू,

पत्र मिळालं. समजलं. माझ्या शब्दांत: मी रफू करते तेव्हा माझ्या डोक्याजवळ दोन लहान एक मोठा अशा लाटा येतात. सुई थांबली की थांबतात. अभिनंदन.

इकडे सर्व ठीक. लग्नसराईच्या आधी शाली बऱ्याच आल्यात.

एक विचारायचं होतं. तोंड मिटून आतल्या आत कोणाची जीभ हलत असेल, तर ते तुमच्या टोपीला कळतं का? मला नाही, झेरॉक्सवालीला प्रश्न पडला होता.

मावशी

१२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

चार पानांच्या जागी सात ओळी? तब्येत बरी आहे ना?

झेरॉक्सवालीला सांग, प्रश्न चांगला आहे पण फार जुना आहे. जिभेलाही स्वतःची थोडी वीज असते, आणि ती हलली की मेंदूपेक्षा कितीतरी मोठी लाट उठते. जबड्याचंही तसंच. म्हणून तर पद्धतच आहे की सुरुवातीला माणसाला नुसतं ‘ल ल ल’ म्हणायला लावायचं, म्हणजे जिभेची लाट कशी दिसते त्याचा नमुना मिळतो, आणि पुढे तशी दिसली की ती मेंदूची नाही हे ओळखता येतं. ही पहिल्या दिवशीची गोष्ट आहे, ती कोणीतरी तपासली असेलच. चार जणांच्या नजरेसमोर तू सव्वा तास तोंड मिटून बसली होतीस. झेरॉक्सवालीने निर्धास्त राहावं.

मी दिवसरात्र भाषणाची तयारी करतेय. आईने आत्तापासून सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय.

ठकू

२५ ऑक्टोबर

ठकू,

हे पत्र फायलीत लावू नकोस. आधी एकटीने वाच.

मला कोणीही ल ल ल म्हणायला लावलं नव्हतं.

झेरॉक्सवालीला काही प्रश्न पडला नव्हता. तो माझाच होता. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या हातातली सुई थांबली. दोन लहान, एक मोठा. ठकू, ते मी मोजत होते. टवीलच्या कापडात धागा दोन खाली, एक वर असा न्यावा लागतो, एकदा चुकला की आख्खी ओळ उसवायची. सासूबाईंनी मला हे काम शिकवलं तेव्हा तोंडाने मोजायला बंदी होती, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि त्याला वाटायचं बाई बडबडतेय. म्हणून त्यांनी जिभेने मोजायला शिकवलं. ओठ मिटलेले, जिभेचं टोक खालच्या दातांना दोनदा आणि टाळूला एकदा. दात, दात, टाळू. चाळीस वर्षांत एक दिवस चुकलेलं नाही. तुम्ही म्हणालात बोलायचं नाही, मी बोलले नाही. म्हणालात मान हलवायची नाही, मी हलवली नाही. जिभेचं कोणी काही म्हणालं नाही, आणि मला वाटलं जीभ तोंडात आहे, टोपी डोक्यावर आहे, काय संबंध.

मग सप्टेंबरातच का नाही लिहिलं? कारण तू लिहिलं होतंस की तू राहशील असं वाटतंय. मी चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा शालीच रफू करत बसले. मला वाटलं, माझा संशय खोटा असेल, एवढी शिकलेली पोरं आहेत, त्यांनी बघितलं असेल. तू ‘तपासली असेलच’ लिहिलंस तेव्हा पाचव्यांदा कागद घेतला. कोट चार हातांतून येतो, माहितेय मला.

तुला घरी यावं लागेल या भीतीने मी गप्प बसले. चुकलं माझं. पण अनोळखी माणसांपुढे तू माझी जीभ मेंदू म्हणून दाखवावीस, हे मला बघवणार नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव. तू गप्प राहायचं ठरवलंस तर मीही गप्प राहीन, काकांनाही सांगणार नाही. फक्त मग मला त्या दिवशी फोन करू नकोस.

तुझी मावशी

१४ डिसेंबर

मावशी,

दीड महिना तुला फोन केला नाही, पत्रही नाही. आईकडून तुला खुशाली कळत होती ते माहीत आहे.

खरं सांगते, पहिले तीन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. जीभ हलवलीस म्हणून नाही, सांगितलंस म्हणून. पत्र मोज्यांच्या खणात ठेवलं आणि भाषण पाठ करत राहिले. चौथ्या दिवशी खोली रिकामी होती, तेव्हा टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, हात मांडीवर ठेवले आणि मोजलं. दात, दात, टाळू. पडद्यावर मावशी-लय आली. तुझ्यापेक्षा ठळक. मी तिथेच बसून रडले, आणि त्याचीही लाट आली.

मग तिघांना विचारलं, ल ल ल कोणी घेतलं? इंजिनिअर म्हणाला, ते माणसाच्या शरीराचं काम, डॉक्टरने घेतलं असणार. डॉक्टर म्हणाला, ते यंत्राचं काम, इंजिनिअर घेतो. गणितीला ल ल ल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आणि मला वाटलं होतं, मी आपली माशांवाली, या मोठ्या लोकांना विचारलं तर हसतील. आम्हाला सहा महिने एकमेकांचं काम शिकवलं, आणि आम्ही शिकलो काय, तर एकमेकांवर सोपवायला.

त्यानंतर दोन आठवडे भांडणं. इंजिनिअरचं म्हणणं, कोणाला कळणार आहे. गणिती सूत्राची वही उशाखाली घेऊन झोपला. डॉक्टर म्हणाला, पोट बिघडलं सांगून तारीख पुढे ढकलू. शेवटी मी सांगितलं की मी एकटी उभी राहून सांगते, माझा नंबर तसाही अकरावा आहे. तेव्हा गणिती म्हणाला, दहावा, परवाच बदललाय. आणि मग तोच पहिला माझ्या बाजूला आला.

दहा तारखेला मी पहिले दोन कागद दाखवले, मावशी-लय दाखवली, जाणकार पुढे सरकून बसले. मग इंजिनिअरला टोपी घालून खुर्चीत बसवलं, ज्याला बटणसुद्धा लावता येत नाही, आणि जिभेने मोजायला सांगितलं. पडद्यावर तीच लय. मी म्हटलं, आम्हाला मेंदूतलं काही सापडलेलं नाही, आम्हाला एक जीभ सापडली आहे, आणि हे आम्हाला त्या जिभेच्या मालकिणीने कळवलं. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसेपर्यंत हसले. नंतर म्हणाले की तरुणपणी त्यांनी अशाच एका लाटेवर दोन निबंध छापले होते आणि आज घरी जाऊन ते काढून बघायची त्यांना भीती वाटतेय.

मला वाटलं सुटले. पण बाईंनी माझी फाईल उघडली. त्यात तुझा एक ऑक्टोबरचा प्रश्न होता आणि माझं बारा ऑक्टोबरचं उत्तर. बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, ‘ती कोणीतरी तपासली असेलच.’ मग चष्मा काढला.

“या एका वाक्यासाठी मी हा अभ्यासक्रम काढलाय,” बाई म्हणाल्या.

एवढंच. रागावल्या की काय ते कळलं नाही. सहा नावं दोन जानेवारीला लागतील. माझं असेल असं मला वाटत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तू सांगू नकोस. तू मला सांगितलंस त्याबद्दल मी तुझ्या पाया पडते, या वेळी खुर्चीतून नाही.

ठकू

६ जानेवारी

बाईंना,

ठकूच्या मावशीचा नमस्कार. तुमचं पत्र आजच मिळालं. तुमचं अक्षर फार बारीक आहे, दोनदा वाचावं लागलं, पण दुसऱ्यांदा वाचायला मला काही हरकत नव्हती.

ठकूला तुम्ही ठेवलंत, सहावी. माझ्या जिभेच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण दिलेत आणि ते तिच्या नावावर लागले, हेही वाचलं. तिच्या बारा ऑक्टोबरच्या उत्तराला शून्य दिलंत, तेही बरोबरच. आणि दहा डिसेंबरला ती उभी राहिली त्याचे किती दिलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी हिशेब घालून बघितला. मिळाले असणार.

तुम्ही विचारलंत की आठवडाभर येऊन त्या सहा जणांना रफू शिकवाल का, आणि काम करताना हात, डोळे, जीभ काय काय करतात ते सगळं सांगाल का. सांगेन. पण एक अडचण तुमच्या कानावर घालते. ठकूचं त्या लाटेचं पत्र वाचलं त्या दिवसापासून माझी जीभ मला सारखी आठवते. मोजायला गेले की तीच मध्ये येते, आणि न मोजता करायला गेले तर ओळ वाकडी जाते. गेल्या महिन्यात दोन शाली उसवून पुन्हा केल्या. चाळीस वर्षं न बघता चालणारं काम तुमच्या पोरांनी मला बघायला लावलं. तेव्हा मी शिकवीन तसं मलाही परत शिकावं लागेल. पोरांना ते दिसलं तर बरंच आहे.

पहिले दोन दिवस यंत्राला हात लावायचा नाही. प्रत्येकाने स्वतःच्या फाटक्या कपड्याने सुरुवात करायची, मुद्दाम भोक पाडलेलं कापड मी घेणार नाही. आणि इंजिनिअरने नखं खाणं बंद करायचं, सुई धरता येत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत की तुमच्या भाचीला ठेवलं म्हणून उपकाराच्या भावनेने येऊ नका, मनात असेल तरच या. उपकाराचं काही नाही. तिकीट संस्थेकडून पाठवू नका. मी ते चौदा डिसेंबरचं तिचं पत्र आलं त्याच दिवशी माझं मी काढलंय, सतरा जानेवारीचं, आणि तेव्हा ते तुमच्याशी भांडायला येण्यासाठी काढलं होतं.

ठकूची मावशी